लिपी, आभास आणि अर्थ : सत्यजित राय यांच्या विज्ञानकथेच्या निमित्ताने

१

लिपी ही वाचण्याची वस्तू आहे, तशीच ती पाहण्याचीही वस्तू आहे. मात्र ज्याला ती वाचता येते त्याच्या लेखी तिचे दृश्यरूप जवळजवळ लोपलेले असते. डोळे अक्षरावर टेकतात न टेकतात तोच मन अर्थाकडे गेलेले असते. याउलट ज्याला ती वाचता येत नाही त्याला ती केवळ दिसते. तिच्यात अर्थ आहे एवढे त्याला कळते, पण कोणता अर्थ आहे हे कळत नाही. अर्थाच्या अस्तित्वाची खात्री आणि अर्थाचा अभाव या दोहोंच्या एकत्र येण्यातून जी एक विशिष्ट अस्वस्थता निर्माण होते, ती विज्ञानकथेने, विशेषतः पडद्यावरील विज्ञानकथेने, फार लवकर हेरली. दूरचित्रवाणीच्या मालिकांतून परग्रहवासी येतात तेव्हा त्यांच्या यानांवर, भिंतींवर, शस्त्रांवर काही अपरिचित चिन्हे कोरलेली असतात. ही चिन्हे प्रेक्षकाने वाचावीत अशी अपेक्षा नसते. ती वाचता येऊ नयेत, एवढीच अपेक्षा असते.

अशा कल्पित लिप्यांचा विचार साहित्यसमीक्षेने आजवर क्वचितच केला आहे. नेपथ्य आणि वेशभूषा यांच्या जोडीला त्यांना बसवून टाकण्यात आले. वस्तुतः येथे एक खरा वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो. जी लिपी कोणी वाचणार नाही, जिच्यामागे भाषा असेलच असे नाही, ती कलाकृतीचा अर्थपूर्ण घटक ठरू शकते काय? ठरत असेल, तर कोणत्या अटीवर?

या प्रश्नाच्या विवेचनासाठी कोलकाता हे नगर अनेक कारणांनी सोयीचे आहे. विस्मृत झालेली ब्राह्मी लिपी याच नगरात वाचली गेली. याच नगराच्या परिसरात भारतीय लिप्यांचे खिळे ओतले गेले. आणि याच नगरात सत्यजित राय यांच्यासारखा कलावंत होऊन गेला, की जो अक्षरांचा रेखनकार होता, विज्ञानकथाकार होता आणि चित्रपटदिग्दर्शकही होता. परग्रहाची लिपी निर्माण करण्याची सर्व साधने ज्याच्या हाती होती असा दुसरा भारतीय लेखक दाखविणे कठीण आहे. त्याने त्या साधनांचे काय केले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

२

प्रथम पाश्चात्त्य मालिका व चित्रपट यांतील लिप्यांकडे पाहावे. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग निव्वळ सजावटीचा. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या मालिकेतून आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांतून क्लिंगॉन नावाची लढाऊ जमात प्रसिद्धीस आली. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने या जमातीची भाषा व्याकरणासह रचली व तिचा कोश १९८५ साली प्रसिद्ध झाला. पण कोशात ती भाषा रोमन अक्षरांतच दिलेली आहे. पडद्यावर दिसणारी टोकदार, खंजिरासारखी चिन्हे दीर्घकाळ केवळ दृश्यपरिणामासाठी मांडली जात. त्यांच्या क्रमाला अर्थ नसे. म्हणजे भाषा होती आणि चिन्हेही होती, पण त्या दोहोंची गाठ पडलेली नव्हती. ती गाठ पुढे चाहत्यांनी घालून दिली. चिन्हांची धार मात्र पहिल्यापासून बोलकी होती : क्रूर लोकांची अक्षरेही क्रूर असावीत, असा तो सरळ हिशेब होता.

दुसरा वर्ग सांकेतिक लिप्यांचा. १९९९ साली सुरू झालेल्या 'फ्युचरामा' या विनोदी चित्रमालिकेत पार्श्वभूमीच्या पाट्यांवर एक परकी लिपी दिसते. प्रेक्षकांनी ती थोडक्याच काळात सोडविली, कारण तिच्यातील प्रत्येक चिन्ह एकेका रोमन अक्षराच्या जागी ठेवलेले होते. मग कर्त्यांनी दुसरी, अधिक अवघड लिपी योजली. तीत चिन्हाचे मूल्य आधीच्या चिन्हावरही अवलंबून ठेवले. तीही सुटली. हा खेळ बुद्धीला आनंद देणारा आहे यात शंका नाही. पण त्याचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. कोट्यवधी मैलांवरून आलेला तो प्राणी इंग्रजीतच लिहितो, इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांतच विचार करतो आणि तिच्या शुद्धलेखनातील विसंगतीही निमूटपणे पाळतो. स्वराची मात्रा व्यंजनाला जडलेली असावी, दोन व्यंजनांनी मिळून तिसराच आकार घ्यावा, अशा ज्या गोष्टी भारतातील शाळकरी मुलाला पहिल्या वर्षातच परिचित होतात, त्यांचीही कल्पना या परग्रहवासीयाला नसते. या दृष्टीने पाहता रोमन वर्णमालेला सरावलेल्या प्रेक्षकाला बंगाली किंवा मराठी लेखन त्या परग्रहाच्या लेखनाहून अधिक परके वाटावे.

तिसरा वर्ग फार लहान, पण महत्त्वाचा आहे. टेड चियांग यांच्या १९९८ मधील दीर्घकथेवरून २०१६ साली 'अरायव्हल' हा चित्रपट निघाला. त्यातील वर्तुळाकार लेखनाला आरंभ नाही आणि शेवटही नाही. संपूर्ण वाक्य एकाच वेळी उमटते. लिहिणाऱ्याला ते उमटण्यापूर्वीच पुरते ठाऊक असले पाहिजे. येथे लिपीचा आकार हा काळाविषयीच्या एका कल्पनेचाच आकार होऊन बसतो, आणि ती लिपी शिकणाऱ्या स्त्रीचे आयुष्यच त्या शिकण्याने बदलते. लिपी काढून टाकली तर कथा उरत नाही. पहिल्या दोन वर्गांविषयी असे म्हणता येणार नाही. त्यांतील चिन्हे पुसून तेथे दुसरी काढली, तर कथेचा एकही धागा हलणार नाही.

३

अज्ञात लिपी वाचली जाते म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर कोलकात्याच्या इतिहासात आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली स्थापन केलेल्या एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद पुढे जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे आले. टांकसाळीत धातूंची पारख करणे हा त्यांचा व्यवसाय. देशभर स्तंभांवर आणि खडकांवर आढळणारी ती साध्या रेषांची लिपी तोवर वाचता येत नव्हती. १८३७ साली सांची येथील स्तूपाच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्यापुढे आले. त्यांच्या ध्यानात आले, की यांतील बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. धर्मस्थानाच्या कठड्याच्या खांबांवर अनेकांनी वेगवेगळे, पण सारख्याच शेवटाचे लेख का कोरावेत? त्यांनी अनुमान केले, की हे दात्यांचे लेख असावेत आणि ती दोन अक्षरे 'दानं' अशी असावीत. त्यांच्या आधी येणारे अक्षर षष्ठीचा 'स' असणार, म्हणजे अमक्याचे दान. या एका किल्लीने कुलूप उघडले आणि अशोकाचे शब्द पुन्हा वाचले जाऊ लागले. बैराट येथून आणलेला अशोकाचा शिलालेख आजही कोलकात्यात सोसायटीच्या संग्रही आहे.

या घटनेतील वाङ्मयीन बोध असा, की ब्राह्मीचे वाचन केवळ चिन्हांची मोजदाद करून झाले नाही. माणूस देवस्थानाला काही देतो तेव्हा आपले नाव तेथे राहावे अशी त्याची इच्छा असते, या मनुष्यस्वभावाच्या ज्ञानामुळे ते झाले. चिन्हांपूर्वी चिन्हांमागचा व्यवहार ओळखला गेला. याउलट स्थिती सिंधू लिपीची आहे. राखालदास बंद्योपाध्याय यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन केले व १९२४ साली त्या संस्कृतीचा शोध जगापुढे जाहीर झाला. पण तिची सुमारे चारशे चिन्हे शंभर वर्षे उलटल्यावरही अबोल आहेत. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, आणि कोणत्याही परिचित लिपीतील जोडलेख उपलब्ध नाही. त्या मुद्रा कोणी कोणासाठी उमटविल्या हे निश्चित कळलेले नाही, म्हणून त्या काय सांगतात हेही कळत नाही.

कल्पित लिपीला लावावयाची कसोटी येथेच सापडते. तिच्यामागे एखादा व्यवहार, एखादे दान, एखादी नावनिशाणी कल्पिलेली आहे काय? असेल तर ती न वाचताही अर्थपूर्ण होते. नसेल तर ती कितीही सुबक असली तरी सांचीचा कठडा न राहता वेलबुट्टी होते.

४

सत्यजित राय ज्या घराण्यात जन्मले, त्यात अक्षराचा संस्कार तीन पिढ्यांचा होता. पितामह उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी हाफटोन मुद्रणात मौलिक प्रयोग केले आणि १९१३ साली 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. पिता सुकुमार राय यांनी मुद्रणकलेचे शिक्षण इंग्लंडमध्ये घेतले. सुकुमारांच्या सुप्रसिद्ध गद्यकथेचे नावच मुळी 'ह य ब र ल' असे पाच सुट्या, विस्कटलेल्या अक्षरांचे आहे. त्या कथेतील मांजर आपले नाव चंद्रबिंदू असे सांगते आणि 'चशमा' या शब्दाची फोड करून दाखविते : 'च' चंद्रबिंदूचा, 'श' मांजराचा, 'मा' रुमालाचा. मांजराला बंगालीत 'बेड़ाल' म्हणतात आणि त्या शब्दात 'श' कोठेच नाही, ही त्यातली गंमत. लिपिवाचनाचा सगळा थाट येथे आहे आणि त्याचा पायाच काढून घेतलेला आहे. पाश्चात्त्य सांकेतिक लिप्या ज्या नियमबद्धतेवर उभ्या आहेत, तिचे हे विडंबन त्या लिप्यांच्या कितीतरी आधी झालेले आहे.

सत्यजित राय यांनी शांतिनिकेतनात नंदलाल बसू व विनोदबिहारी मुखोपाध्याय यांच्या हाताखाली कलेचे शिक्षण घेतले, १९४३ पासून कोलकात्यातील एका जाहिरातसंस्थेत काम केले आणि सिग्नेट प्रेसच्या पुस्तकांची वेष्टने सजविली. रोमन अक्षरांचे त्यांनी रचलेले काही टंक त्यांच्याच नावाने ओळखले जातात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहेत ती त्यांनी 'एक्षण' या नियतकालिकासाठी केलेली मुखपृष्ठे. १९६१ साली सुरू झालेल्या या नियतकालिकाच्या नावात तीनच अक्षरे आहेत : ए, क्ष, ण. राय यांनी ती अंकागणिक नव्याने काढली. बंगाली 'क्ष' हे जोडाक्षर असे आहे, की त्यात 'क' आणि 'ष' डोळ्यांना वेगळे काढता येत नाहीत. अशा अक्षराला ओळखीच्या अगदी सीमेपर्यंत नेऊन थांबणे हा त्या मुखपृष्ठांचा खरा विषय आहे. आणखी एक पाऊल पुढे टाकले असते तर ती अक्षरे परग्रहाची झाली असती. राय ते पाऊल टाकीत नाहीत. वाचक ते नाव वाचतो. फक्त वाचण्यापूर्वी क्षणभर ते पाहतो.

५

हाच लेखक विज्ञानकथेकडे वळला तेव्हा त्याने परग्रहवासीयांची लिपी चितारली असेल, असे सहजच वाटावे. प्रत्यक्षात त्याच्या आरंभीच्या तीन महत्त्वाच्या कृतींत परग्रहवासीयांशी संबंध येतो, तो आवाजातून किंवा स्वप्नातून, अक्षरांतून नव्हे.

राय व सुभाष मुखोपाध्याय यांनी १९६१ साली 'संदेश' पुनरुज्जीवित केले आणि त्याच वर्षी त्यात 'व्योमयात्रीर डायरी' ही प्रोफेसर शंकूची पहिली कथा आली. सुंदरबनात उल्का पडून झालेल्या खड्ड्यात एक वही सापडते. तिच्यातील शाईचा रंग आपोआप पालटतो. कधी हिरवा, कधी लाल, कधी निळा, कधी पिवळा. कागद ताणला तर लांबतो, फाटत नाही, विस्तवात जळत नाही. लेखन मात्र सरळ बंगालीत आहे. येथे राय यांनी केलेली योजना सूक्ष्म आहे. अपरिचितपणा त्यांनी अक्षरांच्या आकारात ठेवलेला नाही. तो शाईत आणि कागदात ठेवला आहे. वाचकाला भाषा कळते, लिपी कळते, आणि तरीही समोरचे लेखन या जगातले नाही अशी प्रतीती येते. अक्षरे बदलून जे साधले नसते ते अक्षरांचे द्रव्य बदलून साधले.

या योजनेचा शेवटही तितकाच विचारपूर्वक केलेला आहे. कुत्र्याच्या दातांना आणि अग्नीला दाद न देणारी ती वही अखेर मुंग्या खाऊन टाकतात. उरते ती निवेदकाने करून ठेवलेली नक्कल, आणि त्या नकलेवरून छापलेली कथा. 'संदेश'च्या वाचकाच्या हाती साध्या कागदावरची, साध्या काळ्या शाईची पाने आहेत. मूळ लेखनाचे सारे अद्भुत नष्ट झाले आहे आणि केवळ अर्थ वाचला आहे. लिपीचे दृश्यरूप वाचनात लोपते, हे जे आरंभी म्हटले, तेच येथे कथानकाच्या रूपाने घडते. टाफा ग्रहावरील प्राणी मोठ्या मुंग्यांसारखे वर्णिलेले आहेत हे ध्यानात घेतले, म्हणजे मुंग्यांनीच वही संपवावी यातील मिस्कीलपणाही ध्यानात येतो.

याच कथेत लिपिवाचनाचे एक ध्वनिरूप आहे. शंकूने घडविलेला विधुशेखर हा यंत्रमानव अवकाशयानात काही दुर्बोध ध्वनी काढू लागतो. व्यंजने साफ बिघडलेली आहेत. पण स्वर आणि लय शाबूत आहेत. त्या लयीवरून शंकूला कळते, की द्विजेंद्रलाल राय यांच्या प्रसिद्ध देशगीताचा तो आरंभ आहे. प्रिन्सेप यांना 'दानं' सापडले त्याच मार्गाने हे गीत सापडते : बोलणारा काय बोलू पाहत असेल याची आधीच असलेली कल्पना, आणि मग चिन्हांची जुळणी. आपल्या वसुंधरेचे गुणगान करणारे हे गीत पृथ्वीपासून दूर, लोखंडी कंठातून यावे, यात विनोद आहेच. पण त्या विनोदाच्या तळाशी असा विचारही आहे, की परकेपणा भेदता येतो तो समान स्मृतीच्या आधारे. ज्याला ते गीत ठाऊक नाही त्याला विधुशेखरचे बोलणे शेवटपर्यंत खडखडाटच वाटेल.

१९६२ मधील 'बंकुबाबूर बंधु' या कथेत क्रेनियस ग्रहावरील अँग नावाचा प्राणी बांबूच्या बनातील डबक्यात उतरतो. त्याला चौदा हजार भाषा अवगत आहेत. प्रथम तो काही अनाकलनीय उच्चार करतो आणि लगेच बंगालीत बोलू लागतो. येथे टीकेला जागा आहे. पुढे असंख्य मालिकांनी जी सोयीची पळवाट वापरली, तीच ही नव्हे काय? चौदा हजार भाषा येणाऱ्याला एकही भाषा परकी नाही, आणि ज्याला काहीच परके नाही तो स्वतः परका कसा राहील? अँगचे व्यक्तित्व या सर्वज्ञतेमुळे पातळ झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण कथेचे केंद्र अँग नव्हे. ते आहेत काँकुडगाछीच्या प्राथमिक शाळेत भूगोल आणि बंगाली शिकविणारे बंकुबाबू. गावातील बैठकीत रोज त्यांची थट्टा होते. तेथे त्यांची भाषा बोलणारे सगळे आहेत, पण त्यांच्याशी बोलणारा कोणी नाही. बंगाली शिकविणाऱ्या या माणसाला सन्मानाने संबोधणारे पहिले बंगाली वाक्य दुसऱ्या ग्रहावरून यावे, ही त्या कथेची कल्पना आहे. अँगने एखादी गूढ लिपी पुढे केली असती तर बंकुबाबूंचे लक्ष आणि वाचकाचेही लक्ष अँगकडे गेले असते. राय यांनी अँगचा परकेपणा खर्ची टाकून गावकऱ्यांचा परकेपणा उघडा केला. हा व्यवहार लाभाचा झाला असेच म्हणावे लागेल, पण तो व्यवहार आहे आणि त्याची किंमत चुकविलेली आहे हे विसरता कामा नये.

१९६७ साली राय यांनी लिहिलेली 'द एलियन' ही पटकथा कोलंबिया कंपनीच्या साहाय्याने चित्रित व्हावयाची होती. ते घडले नाही. मंगलपूर गावातील कमळांच्या तळ्यात यान उतरते आणि गावकऱ्यांना ते पाण्यात बुडालेले देऊळ वाटते. हाबा नावाच्या गरीब मुलाशी त्या प्राण्याचा संबंध जडतो तो स्वप्नातून. येथे बोललेली भाषाही नाही. गावकरी यान पाहतात तेव्हा त्यांचे वाचन चुकते. पण ते प्रिन्सेप यांच्यासारखेच वाचतात. अज्ञात वस्तू दिसली की तिच्यामागे ओळखीचा व्यवहार कल्पावयाचा, ही रीत तीच आहे. परग्रहवासीयाने एकही अक्षर लिहिलेले नसताना सबंध यानच एक अक्षर होऊन बसते आणि चुकीचे वाचले जाते. पाश्चात्त्य मालिकांतील भिंतीभर पसरलेल्या चिन्हांपेक्षा या एका दृश्याची कल्पना लिपीच्या प्रश्नाला अधिक भिडणारी आहे.

असे म्हटले जाईल, की राय यांना कूटलिपीत रसच नसावा. हे खरे नाही. १९६५ पासून त्यांनी लिहिलेल्या फेलूदाच्या रहस्यकथांत अशी कूटे विपुल आहेत. फेलूदा आपली टिपणे इंग्रजी भाषेत पण ग्रीक अक्षरांत लिहितो. एका कथेत पोपटाच्या तोंडचे बंगाली वाक्य इंग्रजी आकड्यांच्या उच्चारांत फोडले, की तिजोरीचा क्रमांक हाती येतो. म्हणजे कूटलिपी राय यांनी रहस्यकथेसाठी राखून ठेवली. जेथे लपविणारा आहे, शोधणारा आहे आणि लपविण्यास कारण आहे, तेथे ती येते. त्यांच्या परग्रहवासीयाला लपविण्यासारखे काही नाही. म्हणून त्याला कूटलिपीही नाही. येथे कलावंताचा विवेक दिसतो. त्याला येत होते ते त्याने सर्वत्र केले नाही.

६

तथापि राय यांचा मार्ग हाच एकमेव प्रामाणिक मार्ग आहे असे समजण्याचे कारण नाही. अद्भुत लोकातून आलेल्या पात्रांना लिपीची खरीखुरी गरज भासते असे नाटक पूर्व भारतातच लिहिले गेले आहे, आणि तेही राय यांच्या विज्ञानकथांच्या सुमारे दोन दशके आधी.

मयूरभंजमधील पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संताली भाषेसाठी ओल चिकी ही लिपी निर्माण केली. तोवर संताली ही बंगाली, उडिया, देवनागरी किंवा रोमन अक्षरांत, म्हणजे शेजाऱ्यांच्या वस्त्रांत, वावरत होती. ओल चिकीत तीस अक्षरे आहेत. अक्षरांची नावे म्हणजे संतालीतील अर्थपूर्ण शब्द आहेत, आणि त्या त्या वस्तूचा किंवा क्रियेचा आकार अक्षराच्या वळणात उतरविलेला आहे. भोवतालच्या भारतीय लिप्यांप्रमाणे स्वर येथे व्यंजनाला मात्रारूपाने जडत नाहीत. त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. मुर्मू यांच्या 'बिदू चंदन' या नाटकात बिदू आणि चंदन या देवता मनुष्यरूपाने पृथ्वीवर वावरतात, आणि एकमेकांशी लेखनातून बोलता यावे म्हणून ही लिपी घडवितात, असे दाखविले आहे.

कल्पित लिपीच्या साहित्यात या नाटकाचे स्थान असाधारण आहे. परलोकातून आलेली पात्रे, त्यांची नवी अक्षरे, ही सामग्री विज्ञानकथेची आहे. पण प्रेक्षागृहात बसलेल्या संताल प्रेक्षकाला ती अक्षरे पाहून भिववावयाचे नाही. ती त्याने शिकावीत अशी इच्छा आहे. एकाने दुसऱ्याला काही सांगावयाचे आहे, समोर जाऊन सांगता येत नाही, म्हणून अक्षर जन्मास येते. लिपीच्या उत्पत्तीचे याहून साधे आणि याहून विश्वसनीय चित्र पडद्यावरील विज्ञानकथेने दिलेले नाही.

पुढचा इतिहासही याच कसोटीची साक्ष देतो. पश्चिम बंगाल शासनाने १९७९ साली ओल चिकीला मान्यता दिली. २००३ च्या घटनादुरुस्तीने संताली आठव्या परिशिष्टात आली. संगणकावर जगातील लिप्यांना स्थान देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेने क्लिंगॉन लिपीचा प्रस्ताव २००१ साली नाकारला. तीत लिहिणारेही त्या काळी बहुधा रोमन अक्षरांतच लिहीत, हे त्यामागील एक कारण होते. ओल चिकी त्या व्यवस्थेत २००८ साली समाविष्ट झाली. दोन्ही लिप्या विसाव्या शतकातील, दोन्ही मनुष्यांनी बुद्ध्या घडविलेल्या. एकीमागे जगभर दाखविल्या जाणाऱ्या मालिकांचे बळ. दुसरीमागे एका शिक्षकाची पायपीट आणि एका समाजाची निकड. अक्षरांना जीवन मिळते ते कोठून, हे या दोन निर्णयांत पुरेसे स्पष्ट आहे.

७

मराठी लेखकाला या साऱ्यात दूरचे असे काही नाही. श्रीरामपूरच्या छापखान्यात बंगाली खिळ्यांच्या जोडीने मोडीचेही खिळे पाडले गेले. फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली मोडी अक्षरांत तेथे छापला गेला. म्हणजे छापील मराठी कोशाचा आरंभ हुगळीच्या काठी झाला. ती मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. आज तिलाही युनिकोडमध्ये २०१४ पासून स्थान आहे; पण पणजोबांच्या हातचे खरेदीखत समोर ठेवले, तर बहुतेक मराठी सुशिक्षितांना ते परग्रहावरून आल्यासारखेच दिसते. फरक एवढाच, की त्या कागदावर कोणाचे तरी शेत आहे, कोणाचे कर्ज आहे, साक्षीदारांची नावे आहेत. मराठीत परग्रहाची लिपी कल्पू पाहणाऱ्या लेखकाला नमुना शोधण्यासाठी अमेरिकन मालिकांकडे जाण्याची गरज नाही. ज्या अक्षरांत अर्थ खचित आहे आणि तो आपल्या हातून निसटला आहे, अशी अक्षरे त्याच्या घरातील माळ्यावर बांधून ठेवलेली असतात.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित स्वरूपाचा आहे. कल्पित लिपी सुसंगत असावी, तिला व्याकरण असावे, ती सोडविता यावी, या अपेक्षा गौण आहेत. त्या पुऱ्या करूनही लिपी निर्जीव राहू शकते, आणि त्यांपैकी एकही पुरी न करता, केवळ शाईच्या रंगातून, 'व्योमयात्रीर डायरी' वाचकाला दुसऱ्या जगाची प्रतीती देते. मुख्य अट एवढीच, की कलाकृतीच्या विश्वात कोणाला तरी कोणासाठी तरी लिहावयाचे असले पाहिजे. 'बिदू चंदन'मध्ये ही अट पुरी होते, 'अरायव्हल'मध्ये होते. जेथे ती पुरी होणार नाही असे राय यांना वाटले, तेथे त्यांनी आपल्या कुशल हाताला लिपी काढू दिली नाही, आणि अक्षरांच्या जागी एक आवाज, एक स्वप्न आणि तळ्यात बुडालेले एक देऊळ ठेवले. येथून पुढे मराठीत विज्ञानकथा, पुस्तकात किंवा पडद्यावर, जेव्हा अज्ञात अक्षरे घेऊन येईल, तेव्हा ती कशी दिसतात हे पाहण्यापूर्वी ती कोणी कोणाला लिहिली आहेत हे समीक्षकाने विचारावे.